शिऱ्याची वाटी आणि यरुशलेमचं पत्र

समोरच्या काकूंकडे सत्यनारायण असला की दिवेलागणीच्या सुमारास आमच्या दाराशी स्टीलची वाटी यायची. वर केळीच्या पानाचा तुकडा झाकलेला. तो उचलला की सव्वाच्या मापाचा शिरा, कडेला तुपाने चकाकणारा, केळ्याच्या वासाचा, आणि वर तुळशीचं एक पान. इंदूरला रामबागेच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. काकूंचं घर बरोबर समोर. मधली वाट इतकी अरुंद, की त्यांचा शंख आमच्या प्रार्थनेत ऐकू यायचा आणि आमची गीतं त्यांच्या आरतीत.

आम्ही ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या नोकरीसाठी माळव्यात आले आणि इथलेच झाले. (आता त्या नगरला अहिल्यादेवींचं नाव मिळालं आहे. चौंडीत जन्मलेली मुलगी होळकरांची सून होऊन माळव्यात आली. आजोबांचीही वाट तीच. बाबांना हे कळतं तर फार आनंद झाला असता.) बाबा शाळेत शिकवायचे, गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. आणि मास्तरांच्या घरात त्या वाटीबद्दल एक नियम होता. वाटी दोन्ही हातांनी घ्यायची, आभार मानायचे, रिकामी परत करायची नाही, निदान मूठभर साखर तरी घालून द्यायची. पण शिरा खायचा नाही.

मी नऊ वर्षांची असताना एकदा पाणी प्यायला आत गेले तर आई ओट्याशी उभी राहून तोच शिरा खात होती. मी दारातच थबकले. तिने वाटी लपवली नाही. म्हणाली, "बाबांना माहीत आहे. घे, तुला हवा तर." मी घेतला नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सरळ विचारलं, हे कसं? बाबांनी काहीही न बोलता बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय काढला आणि मूर्तींना अर्पिलेलं वर्ज्य करा ही ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. आईने भांडी विसळता विसळता मागे न वळता सांगितलं, "करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय. तोही वाचा तिला." बाबांनी वाचला. बाजारात जे विकतं ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढतील ते खा.

बायबल दोन गोष्टी सांगतं हे मला त्या रात्री कळलं. त्याहून जास्त मनात राहिलं ते हे, की ते दोघं भांडले नाहीत. बाबांनी पुस्तक मिटलं, आईने कंदिलाची वात खाली केली, आणि पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात दोन्ही अध्याय नांदले.

पंधराव्या अध्यायातली ती गोष्ट मोठी आहे. येशूनंतर वीसेक वर्षांनी, इ.स. ४९ च्या आसपास, यरुशलेमला बैठक भरली. प्रश्न असा, की जे यहुदी नाहीत आणि ख्रिस्ताकडे आले आहेत, त्यांनी सुंता करून घ्यायची का? मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का? खूप वादविवाद झाला असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. येशूचा शिष्य पेत्र बोलला, यहुदी नसलेल्यांत प्रचार करणारे पौल आणि बर्णबा बोलले, शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निर्णय दिला आणि एक पत्र लिहिलं गेलं. सुंतेचा भार नको. फक्त चार गोष्टी टाळा: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस, आणि व्यभिचार. याकोब त्याचं कारणही देतो. गावोगावच्या यहुदी सभास्थानांत मोशेचं शास्त्र दर शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या वारी, वाचलं जातं. म्हणजे शेजारी यहुदी राहतात, त्यांच्या कानावर ते सतत आहे, त्यांच्याबरोबर एका ताटाला बसायचं तर एवढं तरी सांभाळा.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी पौल करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहितो. ते शहर वेगळं. तिथल्या उत्खननात देवळाला लागून जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत. लग्न असो, बारसं असो, आजारातून उठल्याचा आनंद असो, मेजवानी देवळातच. बाजारातलं मांसही पुष्कळदा बळीतलंच. पौल म्हणतो, मूर्ती ही काही वस्तूच नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मग खायला हरकत कसली? आणि लगेच म्हणतो, पण हे ज्ञान सगळ्यांना नाही. माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी जन्मात मांस खाणार नाही. दहाव्या अध्यायात तर तो एका दमात इकडून तिकडे जातो. एकविसाव्या ओळीत, प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज दोन्हीकडे बसता येणार नाही. पंचविसाव्या ओळीत, बाजारातलं काहीही खा. सत्ताविसाव्यात, बोलावलं तर जा आणि खा. अठ्ठाविसाव्यात, पण कोणी सांगितलं की हे अर्पिलेलं आहे, तर खाऊ नका. यरुशलेमच्या पत्राचा तो नावानेही उल्लेख करत नाही. आणि बायबलच्या अगदी शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना मूर्तींना अर्पिलेलं खाल्ल्याबद्दल कडक शब्दांत दटावलं आहे, तिथे बाजार नाही, पाहुणा नाही, काही सूट नाही.

मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं की अठ्ठाविसाव्या ओळीने बाबांची बाजू पक्की होते. काकू दारात येऊन "प्रसाद घ्या" असंच म्हणायच्या. सांगितलं, मग संपलं. पण पौल पुढच्याच ओळीत सांगतो की ज्याने सांगितलं त्याच्या मनासाठी, तुझ्या स्वतःच्या नव्हे. इथे मी बराच काळ थांबले आहे. करिंथात ज्याचं मन जपायचं तो खाण्याने दुखावणार होता. आमच्या गल्लीत काकू न खाण्याने दुखावणार होत्या. नियम तोच, वाटीची दिशा उलटी. आई सातवी शिकलेली. तिने हे असं मांडलं नसतं. ती उभ्या उभ्या चार घास खायची आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी "कसा झाला होता?" असं विचारलं की तिला खरं उत्तर देता यायचं.

मग बाबा चुकत होते का? मला पुष्कळ वर्षं तसं वाटलं. त्यांच्याबद्दलचा तो राग मी मनात बाळगला. नंतर आईकडूनच समजलं की आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते, घरदार तोडून आलेले. सासुरवाडीने बायकोला माघारी नेलं होतं. आपण सोडलं ते खरंच सोडलं का, या प्रश्नाने त्यांना झोप लागत नसे. रविवारी उपासनेनंतर ते आमच्याकडे यायचे, पोह्यांची बशी हातात धरून बसून राहायचे. बाबा न खाता राहिले ते त्यांच्यासाठी. मास्तरांनी खाल्लं असतं तर त्या माणसाला पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली असती. करिंथकरांच्या पत्रातल्या आठव्या अध्यायातला तो अडखळणारा भाऊ बाबांसाठी कोणी काल्पनिक नव्हता. त्याला नाव होतं, त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं असायचं.

बाबा एका माणसाकडे बघत होते, आई दुसऱ्याकडे.

इंदूरची उपासना हिंदीत. घरात मराठी बायबल, चर्चमध्ये हिंदी. त्यामुळे माझ्या कानात प्रत्येक वचन दोनदा पडलं आहे, आणि त्याचा माझ्यावर झालेला परिणाम मी आज ओळखू शकते. हिंदीत नियमशास्त्राला 'व्यवस्था' म्हणतात. रोमकरांच्या पत्रातल्या दहाव्या अध्यायात आहे, मसीह व्यवस्था का अन्त है. लहानपणी मला 'व्यवस्था' म्हणजे मराठीतली व्यवस्था एवढंच माहीत. पाहुण्यांच्या झोपण्याची व्यवस्था, लग्नात जेवणाची व्यवस्था. तिचा अंत म्हणजे काय? मांडव उठला, आचारी गेले, आता ज्याने त्याने आपलं बघावं, असं काहीतरी ओसाड चित्र डोळ्यांपुढे यायचं. घरी तीच ओळ मराठीत वाचली की 'समाप्ती' शब्द यायचा. आणि समाप्ती मला काकूंच्या घरामुळे माहीत होती. त्यांच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह असे. सातव्या दिवशी सांगता. सांगता म्हणजे स-अंग, सगळी अंगं जागच्या जागी असणं. व्रत पुरं झालं, काही राहिलं नाही. पोथी रेशमी फडक्यात बांधून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली जायची. ती कोणी टाकून देत नसे.

ग्रीकमध्ये त्या जागी 'तेलोस' शब्द आहे. त्याचे अर्थ दोन, शेवट आणि गाठायचं ठिकाण. कोणता घ्यायचा यावर विद्वानांत शतकानुशतकं मतभेद आहेत आणि ते मिटवण्याची माझी योग्यता नाही. पण आपल्या भाषेत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवणारी 'सांगता' आहे, आणि ती मला एका सत्यनारायण करणाऱ्या घराने शिकवली, हे मी कृतज्ञतेने लिहिते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही, पूर्ण करायला आलो आहे. त्यातला बारीकातला बारीक फराटाही जाणार नाही. नारायण वामन टिळकांना ज्या प्रवचनाने धरून ठेवलं ते हेच. 'पूर्ण करणे' आणि 'समाप्ती' हे दोन शब्द सांगतेपाशी आले की मला एकमेकांचे वैरी वाटत नाहीत.

पण सगळं इतक्या सुखाने जुळत नाही. त्याच प्रवचनात काही ओळींनंतर 'असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे, पण मी तुम्हांला सांगतो' सुरू होतं. शपथ मोडू नका असं शास्त्र म्हणतं, येशू म्हणतो शपथच वाहू नका. डोळ्याबद्दल डोळा असं शास्त्र म्हणतं, येशू म्हणतो दुसरा गाल पुढे करा. एक फराटाही जाणार नाही म्हणणाराच हे म्हणतो. आणि पौलाचं बघा. रोमकरांना तो विचारतो, विश्वासाने आम्ही नियमशास्त्र निकामी करतो का? मुळीच नाही, उलट ते प्रस्थापित करतो. इफिसकरांच्या पत्रात मात्र ख्रिस्ताने आज्ञाविधींचं नियमशास्त्र निकामी केलं असं आहे. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच, 'कातार्गेओ'. इफिसकरांचं पत्र पौलाच्या हातचं नसावं, असं मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत, आणि तसं मानलं की हा पेच एका परीने सुटतो. पण माझ्या हातातल्या पुस्तकात दोन्ही पत्रं आहेत, आणि दोन्ही मी वाचते.

कॉलेजात असताना कोणीतरी मला बायबलातल्या विसंगतींची टाइप केलेली यादी दिली होती. डाव्या रकान्यात एक वचन, उजव्या रकान्यात त्याच्या उलट. मी ती घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "यात खोटं काही नाही. पण यात एकही माणूस नाही." त्या वेळी मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. त्याच सुमारास मंडळीतले एक वडीलधारे दर विसंगतीवर दोन मिनिटांत मलमपट्टी करून द्यायचे, त्यांनीही माझं समाधान झालं नाही. आज मला त्या यादीचा आणि त्या वडीलधाऱ्यांचा दोष एकच दिसतो, घाई.

बाबांच्या त्या वाक्यानंतर मी उलटं करून बघायला लागले. जिथे दोन वचनं एकमेकांवर आदळतात तिथे कोण उभं आहे ते शोधायचं. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य उभा असतो. यरुशलेमच्या बैठकीत सुंता नको असं ठरलं, आणि लगेच पुढच्या अध्यायात पौल तीमथ्याची सुंता करतो, कारण त्याची आई यहुदी, बाप ग्रीक आणि गावातल्या यहुद्यांना ते ठाऊक. हाच पौल गलतीकरांना लिहितो की सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हांला काही उपयोग नाही. तीत नावाचा त्याचा दुसरा सोबती ग्रीक होता, त्याच्यावर सक्ती होऊ दिली नाही हेही तो अभिमानाने सांगतो. तसंच इस्राएलाच्या शेजारच्या मवाबी लोकांचं. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत थारा नाही. आणि रूथ मवाबी, जिचा पणतू दावीद राजा. यहुदी शास्त्र्यांनी नंतर वाट काढली, की नियमात मवाबी पुरुष आहे, मवाबी स्त्री नाही. वाट बारीक आहे. पण त्या वाटेने एक विधवा सून सासूचा हात धरून आत आली, म्हणून मला ती प्रिय आहे.

'अनुवाद' हे नावही मला नेहमी विचार करायला लावतं. मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं मराठीत हे नाव आहे, कारण त्यात आधीचं नियमशास्त्र पुन्हा सांगितलं आहे. पुन्हा सांगताना ते बदलतं. दुसऱ्या पुस्तकात, निर्गमात, शब्बाथ का पाळायचा? देवाने सहा दिवसांत सृष्टी केली म्हणून. अनुवादात का? तू मिसर देशात दास होतास म्हणून. तुझ्या दासाला, दासीलाही विसावा मिळावा म्हणून. निर्गमात दासी म्हणून विकलेली मुलगी दासासारखी सातव्या वर्षी सुटत नाही. अनुवादात दासीलाही तोच नियम, आणि रिकाम्या हाताने पाठवू नका हेही. मिसरातून सुटकेच्या सणाच्या, वल्हांडणाच्या, कोकराचं तर स्वयंपाकघरातलंच भांडण. निर्गम म्हणतो पाण्यात शिजवू नका, विस्तवावर भाजा. अनुवादात 'बाशाल' हे क्रियापद आहे, जे निर्गमात मनाई केलेल्या शिजवण्यासाठी येतं. शेकडो वर्षांनी इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक लिहितो की लोकांनी कोकरू 'विस्तवावर बाशाल केलं'. दोन्ही नियमांचे शब्द त्याने एका वाक्यात बसवले. ते वाक्य वाचलं की त्या अनाम लेखकाबद्दल मला माया वाटते. त्याच्या समोर दोन्ही पुस्तकं पवित्र होती, आणि सणही तोंडावर होता.

यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकासाठी तर कोणी रात्री जागवल्या. दहा आज्ञांमध्ये बापांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यहेज्केल अठराव्या अध्यायात म्हणतो, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हण इथून पुढे इस्राएलात चालणार नाही. जो पाप करील तोच मरेल. त्याच्या पुस्तकात मंदिराचे आणि यज्ञांचेही नियम आहेत, ते तोराशी, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांशी, जुळत नाहीत, म्हणून ते पुस्तक बाजूला ठेवायचं घाटत होतं. यहुदी शास्त्र्यांच्या चर्चांच्या ग्रंथात, तालमूदात, कथा आहे की हनन्या बेन हिज्किया नावाच्या पंडिताने तीनशे मापं तेल वर नेलं, माडीवर बसला आणि दिव्याच्या उजेडात एकेक वचन जुळवत राहिला, तेव्हा ते पुस्तक टिकलं. तीनशे मापं तेल! हे वाचल्यावर मला ती टाइप केलेली यादी आठवली.

काकूंचे यजमान संस्कृतचे शिक्षक होते, निवृत्त. मी त्यांना माझ्या अडचणी सांगायची, ते त्यांच्या शास्त्रातलं सांगायचे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची एकवाक्यता मला त्यांनी समजावली: शक्य तोवर सगळी वाक्यं एकाच तात्पर्याकडे नेऊन बघा. नाहीच जमलं तर विकल्प. यज्ञ तांदळाने करावा असंही वचन आहे, जवाने करावा असंही, तेव्हा कोणत्याही एकाने करावा. पण विकल्पाला आठ दोष लागतात, म्हणून तो अगदी शेवटी. मग एकदा त्यांनी सहज मनुस्मृतीतला श्लोक म्हटला, जिथे दोन श्रुतींत विरोध असेल तिथे दोन्ही धर्मच होत. श्लोक सुंदर होता. मी घरी येऊन तो बाबांना सांगितला, आणि त्यांचा चेहरा मिटल्यासारखा झाला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ का जाळला गेला हे बाबा आम्हाला दर नाताळाला सांगत. आमच्या पूर्वजांच्या अंगावर तो ग्रंथ नियम म्हणून पडला होता, त्यात विकल्प नव्हता.

आणि नियम नुसते पुस्तकात नव्हते. काकूंच्या सासूबाई असेपर्यंत त्या घरात आमच्यासाठी दोन कप वेगळे होते, खिडकीच्या कठड्यावर पालथे घातलेले. शिरा आमच्याकडे यायचा, पण आमच्याकडचं तिकडे गेलेलं कोणी खाल्लं का ते मला माहीत नाही. आई नाताळात करंज्या पाठवायची. वाटी साखर घालूनच परत यायची. आम्ही कधी विचारलं नाही.

म्हणून गलतीकरांच्या पत्रातला दुसरा अध्याय मला कुठल्याही टीकाग्रंथाशिवाय समजला. अंत्युखिया शहरात पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि तो हळूच उठून वेगळा बसायला लागला. बर्णबाही त्याच्यामागे. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. 'नियमशास्त्रातल्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही' हे पौलाचं वाक्य, ज्यावर पुढे युरोपात केवढे ग्रंथ झाले, ते त्या पंगतीच्या भांडणातून आलं आहे. इफिसकरांच्या पत्रातही आज्ञा निकामी केल्याचं सांगतात ते यहुदी आणि विदेशी यांच्या मधली आडभिंत पाडल्याच्या वाक्यातच. मला आडभिंत म्हटलं की ते दोन कप दिसतात.

नव्या करारात याकोबाच्या नावाचं एक वेगळं पत्र आहे, ते मात्र बाबांचं. विश्वासाने, कर्मांवाचून, असं पौल लिहितो. कर्मांनी, नुसत्या विश्वासाने नव्हे, असं याकोब. दोघंही अब्राहामाचाच दाखला देतात, बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्तीतली, एकच ओळ उचलतात. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने आपल्या १५२२ च्या जर्मन नव्या करारात पौलाच्या वाक्यात 'केवळ' हा शब्द स्वतःचा घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. बाबांना हे पटत नसे. भाऊ उघडा असताना 'जा, ऊब घे' एवढंच म्हणणाऱ्याला याकोब जे विचारतो, ते गवत नाही, असं ते म्हणत. काकूंचे यजमान आजारी पडले तेव्हा सरकारी दवाखान्यात अकरा रात्री बाबा त्यांच्या उशाशी बसले. शिरा न खाणारे मास्तर. काकांना भरवतानाचं भांडं कोणाचं, हे तेव्हा त्या घरात कोणी बघितलं नाही. सासूबाई तोवर गेल्या होत्या.

काका बरे होऊन घरी आले आणि काकूंनी सत्यनारायण घातला. त्या दुपारी बाबा स्वतः समोर गेले. उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी काकूंना सांगितलं की वहिनी, तुमच्या हातचा शिरा मी आजवर खाल्लेला नाही, कारण असं असं आहे, आणि तुम्हाला अंधारात ठेवणं मला आता जमत नाही. मी आमच्या दारातून ऐकत होते. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं सांगितलं नाहीत, मास्तर?" आणि आत गेल्या. आई माझ्यामागे उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

संध्याकाळी दोन वाट्या आल्या. एकीत तुळशीचं पान. दुसरी हातात देताना काकू म्हणाल्या, "हा वेगळ्या पातेल्यात केलाय. सव्वाचं माप घेतलं नाही, नैवेद्यातही ठेवलेला नाही. मास्तरांना सांगा, निःशंक खा." नैवेद्य दाखवायच्या आधी त्यांच्या घरात वेगळं काही शिजत नसे. त्या दिवशी शिजलं. करिंथकरांचं पत्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

बाबा त्या रात्री शिरा जेवले. सावकाश, चमच्याने, वाटी खरवडून. आईने आपला नेहमीचा खाल्ला, पण ओट्याशी उभं राहून नाही, बाबांच्या शेजारी पाटावर बसून. त्यानंतर दर पौर्णिमेला दोन वाट्या.

बाबा गेले त्या वर्षीही श्रावणात संध्याकाळी दार वाजलं. काकू दोन्ही हातांत दोन वाट्या घेऊन उभ्या होत्या. सवयीने दोन केल्या होत्या, आणि आईला समोर बघितल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या मागे वळायला लागल्या. आईने पुढे होऊन दोन्ही वाट्या घेतल्या.

जेवताना तिने तुळशीच्या पानाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि दुसरी आपल्याकडे ओढली. मी काही विचारलं नाही. पान बाजूला न काढता मी शिरा खाल्ला.